फोटो टाकला की लगेच 'लोकेशन?' : सांगायचं की नाही?

रानवाटा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात खदखदतंय, आज लिहूनच टाकते.

गेल्या महिन्यात एका किल्ल्याच्या पायथ्याला कंदीलपुष्प सापडलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: बोटाच्या दोन पेरांएवढी उभी नळी, बुडाशी जराशी फुगलेली, आणि वर पाच पाकळ्या टोकाशी एकमेकींना चिकटून तयार झालेला पिंजरा. नळीच्या आत बारीक केस, टोकं खाली वळलेली. चिलट वासाला भुलून आत उतरतं आणि केसांमुळे अडकतं. नंतर केस कोमेजतात तेव्हा कुठे पाहुण्याची सुटका, अंगाला पराग घेऊन. मी ओल्या गवतात पालथी पडून दीड तास हे बघत होते. त्यातले चार फोटो बरे आले.

दोन ग्रुपवर टाकले. 'अप्रतिम', 'वॉव' आलं, आणि त्याच्या तिप्पट 'लोकेशन प्लीज'. बहुतेकांना टाळलं. एकाने फार नम्रपणे विचारलं, वनस्पतींची आवड आहे म्हणाला. त्याला खुणेसकट सांगितलं.

दोन रविवारांनी पुन्हा गेले. वेलाच्या चहूबाजूंनी वीतभर गवत उपटलेलं. कशाला? मागचं बॅकग्राउंड स्वच्छ यावं म्हणून. तो वेल त्याच गवताच्या आधाराने चढला होता. आधार गेल्यावर जमिनीवर लोळत होता, एका पेऱ्याशी मोडलेला, कंदील करपलेला. शेजारी पाणी फवारायच्या बाटलीचं निळं झाकण. फुलावर दवाचे थेंब हवेत ना! भर पावसाळ्यात!

कोणी चोरलं नाही, विकलं नाही. सगळे माझ्यासारखेच हौशी. म्हणून जास्त लागलं.

तर प्रश्न असा: तुम्ही फोटो टाकताना जागा सांगता का? सांगत नसाल तर विचारणाऱ्याला काय उत्तर देता?

झंप्या

पहिला! फोटो दिसत नाहीये.

रानवाटा

लिंक पब्लिक केली नव्हती. आता बघा.

झंप्या

दिसला. जबरी आलाय. कुठे आहे हे?
(हलके घ्या. पळतोय.)

मंदार_क

मी हल्ली खाली 'ठिकाण: सह्याद्री' एवढंच लिहितो. परवा एकाने विचारलं, "पुण्याहून किती किमी?"

निवांत_पाटील

रानवाटा, झालं ते वाईटच. पण थोडा वेगळा सूर लावतो.

तुम्हाला ते फूल 'सापडलं' म्हणजे नक्की कसं? कोणीतरी ट्रेकर, कोणीतरी गुराखी, कोणीतरी अभ्यासक बोलला असेल तेव्हाच ना? आपल्यापर्यंत माहिती पोचली की ते ज्ञान, आणि आपल्यानंतर कोणी विचारलं की ती गर्दी. हे मला पटत नाही. ग्रुपांवरची काही नामवंत मंडळी 'अज्ञात स्थळ' लिहून फोटो टाकतात आणि आपसात गुपचूप पत्ते वाटतात. त्यात निसर्गप्रेम किती आणि 'माझ्याकडेच आहे'ची मजा किती, हे ज्याचं त्याने बघावं.

दुसरं, भिगवण बघा. उजनीच्या पाणलोटात रोहित (फ्लेमिंगो) येतात हे फोटोंमुळेच घरोघर पोचलं. कुंभारगावातल्या, डिकसळमधल्या मासेमारांना हिवाळ्यात होड्या फिरवण्याचं काम मिळालं. घरगुती जेवणं सुरू झाली. तिथले नावाडी आज पक्ष्यांची इंग्रजी नावं घडाघडा सांगतात. लोकेशन लपवलं असतं तर हे झालं असतं का?

रानवाटा

पाटील, मला ते एका धनगर आजोबांनी दाखवलं. 'खरचुडी' म्हणाले, लहानपणी कंद उकरून खायचो म्हणाले. म्हणजे तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यावर विचार करतेय.

सुगरण_पक्षी

भिगवणचं उदाहरण आलंच आहे तर दुसरी बाजू. मी दर जानेवारीत जाते. मागच्या खेपेला शेजारच्या होडीतून आवाज: "दादा, जरा उडवा ना, उडतानाचा पाहिजे." नावाडी बिचारा कानकोंडा झाला. नाही म्हणावं तर गिऱ्हाईक नाराज. शेवटी मोटर सुरू करून थेट थव्यात. दीडदोनशे पक्षी उठले, गुलाबी पंख उघडले, बर्स्ट मोडचा कडकडाट झाला. रोहित चोच उलटी करून चिखलपाणी गाळत खातो, सावकाश. पंधरा मिनिटांत त्याला तीनदा उठवलं तर त्याने खायचं कधी?

आमच्या नावाड्याने नंतर सांगितलं, "ताई, बसलेल्या पक्ष्याचे पैसे कमी मिळतात."

बापू_सातारकर

पाटीलसाहेब, कासचं ऐका. माझं आजोळ पठाराच्या खालच्या अंगाला.

आम्ही पोरं गणपतीच्या सुट्टीत गुरं घेऊन पठारावर जायचो. तेरडा, गेंद, सीतेची आसवं, सोनकी, सगळं पायाखाली. कोणी त्याला 'फ्लॉवर व्हॅली' म्हणत नव्हतं. गुरांची कुरणं होती ती. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कास जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि त्याच काळात हातोहाती कॅमेरेवाले फोन आले. मग काय! रविवारी साताऱ्यापासून गाड्यांची रांग. फुलांत लोळून फोटो, पोरं फुलांवर बसवून फोटो. तेरड्याचा गालिचा म्हणजे लोकांना खरंच गालिचा वाटला.

मग तारेचं कुंपण आलं, तिकीट आलं, दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा आली, ऑनलाइन बुकिंग आलं. स्थानिक पोरांना कामं मिळाली, हे पाटील म्हणतात तसं खरं. पण कुंपणाने गुरंही आत येईनाशी झाली. चराई थांबली, गवत माजलं, शेण पडायचं थांबलं, आणि फुलं कमी झाली अशी बोंब सुरू झाली. शेवटी कुंपण काढलं. माझा मामा तेव्हा म्हणाला, "बैलाला हाकललं, माणसाला तिकीट दिलं."

आणि आता लोक सप्टेंबरातल्या कुठल्याही दिवशी येतात आणि विचारतात, जांभळं कुठंय? अहो, टोपली कारवी सात वर्षांनी फुलते. फोटोवर साल लिहिलेलं नसतं ना!

झंप्या

बापू, मामांचं वाक्य नोंदवून ठेवलं.

तांत्रिक_मांत्रिक

व्यावहारिक माहिती. जागा तुम्ही न सांगताही फुटू शकते. फोनचं लोकेशन चालू असेल तर प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश बसलेले असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ते गळून पडतात. पण 'क्वालिटी जाते' म्हणून आपण तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवतो तेव्हा सगळा पत्ता बरोबर जातो. जंगलात जाताना कॅमेरा अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा, विषय संपला.

नोंद ठेवायची असेल तर आयनॅचरलिस्ट हे निसर्गनोंदींचं अ‍ॅप वापरा. धोक्यातल्या जातींचं ठिकाण तिथे आपोआप धूसर होतं, बघणाऱ्याला सुमारे २० किमीच्या चौकोनात कुठेतरी एवढंच कळतं. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवरही संवेदनशील पक्ष्यांच्या जागा झाकलेल्या असतात. अभ्यासकाला नोंद मिळते, रविवारच्या गर्दीला पत्ता मिळत नाही.

अमोल_नवखा

छान चर्चा. मीही हा छंद सुरू करायचं म्हणतोय. बजेट ४०,०००. पक्षी आणि प्रवास दोन्हीसाठी कोणता कॅमेरा घ्यावा?

मंदार_क

आला! मी वाटच बघत होतो, दहा प्रतिसाद झाले तरी हा प्रश्न कसा नाही.

गोट्या_बाबर

अमोल, ४० हजारांत नवं काही शोधू नका. कोणाचा तरी जुना डीएसएलआर घ्या आणि ५५-२५० लेन्स. पक्षी लांबच राहील, पण तुमची चुका करायची हौस भागेल. पैसे उरले तर दुर्बीण घ्या. सहा महिने नुसती दुर्बीण घेऊन फिरलात तर कॅमेरा नकोच असंही वाटेल.

तांत्रिक_मांत्रिक

दुर्बीण ८×४२ घ्या. १०× हातात थरथरते.

कोकणी_मेवा

फोनही पुरे असतो हो. माझा सगळ्यात गाजलेला फोटो फोनवरचा आहे. दाराशी फुललेल्या सोनचाफ्याचा काढून घरच्या ग्रुपवर टाकला. तीन दिवसांनी तोच फोटो नागपूरच्या मावशीकडून परत आला. वर 'शुभ सकाळ', खाली 'नाती जपा, माणसं जपा', कोपऱ्यात गणपती, आणि चाफ्यावर दोन गुलाबाची फुलं चिकटवलेली. मी म्हटलं, मावशी, हा माझा फोटो! ती म्हणाली, "अगं हो का? छान आहे, तूही पुढे पाठव."

झंप्या

=)) =)) चाफ्यावर गुलाब!

मंदार_क

वॉटरमार्क टाकत जा. आमच्या एका मित्राचा वॉटरमार्क एवढा मोठा असतो की मागे पक्षी आहे हे लोक विसरतात.

नागपूरकरीण

कोकणी_मेवा, ती मावशी मी तर नाही ना बाप्पा?

गंमत जाऊ द्या. आमच्याकडे वाघाचं काय होऊन राहिलं ते सांगते. माझा मामेभाऊ जिप्सी चालवतो. पाहुणे गाडीत बसले की पहिले फोन काढून फोटो दाखवतात: "भैया, असाच पाहिजे. समोरून येणारा, पाणी पिऊन." मेन्यू कार्डावर बोट ठेवावं तसं. नाही दिसला तर बक्षिशी नाही, वरून ऑनलाइन वाईट रिव्ह्यू. मग एकाला वाघ दिसला की दुसऱ्याला फोन, दुसऱ्याचा तिसऱ्याला, दहा मिनिटांत दहा गाड्या. २०२४ च्या ३१ डिसेंबरला उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात वाघीण आणि तिच्या पिल्लांना गाड्यांनी दोन्हीकडून कोंडलं, त्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाह्यला असेल. प्रकरण हायकोर्टात गेलं, गाइड-ड्रायव्हरांवर कारवाई झाली. सफारीत मोबाइलवर बंदी आली.

भाऊ म्हणतो, बंदी आली ते बरंच झालं, आता पाहुणे निदान झाडाकडे पाहतात. पण मला विचाराल तर, गाडीत बसून 'और पास, और पास' म्हणणाऱ्याचं काहीच झालं नाही. त्याचा फोटो त्याच्याकडे आहेच.

आंबोलीचा_पाऊस

वाघाला निदान गाडी घेऊन शोधावं लागतं. बेडकाला तर उचलता येतं!

इकडे जूनपासून रात्रीच्या फेऱ्या चालतात. बहुतेक जण नीट वागतात. पण काही फोटो बघितले की आम्हाला हसावं की रडावं कळत नाही. उडणारा हिरवा बेडूक आणि खाली लालभडक अळंबी. अहो, तो झाडावर राहणारा प्राणी, अळंबीवर काय चहा प्यायला बसला होता? कोणीतरी उचलून ठेवलाय. हाताला डास पळवायचं मलम चोपडलेलं असतं, आणि बेडकाचं कातडं म्हणजे नुसती ओली चाळणी, लागेल ते आत जातं. मलबारी चापडा या विषारी सापाला काडीने ढोसून तोंड उघडायला लावणारेही पाहिलेत.

मात्र जागा लपवण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. इथल्या हिरण्यकेशीच्या देवळापाशी एक छोटा मासा सापडला, शास्त्रीय नाव 'शिस्टुरा हिरण्यकेशी'. म्हणजे नावातच पत्ता. तो जगाला कळला म्हणून तर २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली. कोणालाच माहीत नसलेली जागा खाणीत किंवा रस्त्यात गेली तर बोंब मारायला तरी कोण उरतं?

रानवाटा

हा मुद्दा मला खरंच सुचला नव्हता. देवराईचंही असंच ना, सगळ्या गावाला माहीत असते म्हणूनच टिकते. पण तिथे देवाचा धाक असतो. माझ्या वेलाला कोणाचा धाक?

बापू_सातारकर

कंदीलबाबाचं देऊळ बांधा. पुढच्या वर्षी जत्रा भरेल, पाळणे येतील.

ओटावाकर

आमच्याकडे हिवाळ्यात उत्तरेकडून बर्फाळ घुबडं येतात. काही फोटोग्राफर दुकानातून पांढरे उंदीर विकत आणतात आणि बर्फावर सोडतात. घुबड झेप घेतं, पंख पसरून नजर थेट लेन्सकडे, फोटोला हजारो लाइक्स. बघणाऱ्याला पत्ताही नसतो की चौकटीच्या जरा खाली एक पाळीव उंदीर आहे. त्यामुळे इथल्या बऱ्याच पक्षीनिरीक्षण ग्रुपांत घुबडाची ताजी जागा लिहायला सरळ मनाई असते. लिहिली तर पोस्ट उडते, पुन्हा लिहिली तर तुम्ही उडता.

सुरुवातीला मला हा शिष्टपणा वाटायचा, पाटलांसारखाच. मग एका शेताच्या कडेला २० तिपायांच्या रांगेत स्वतः उभा राहिलो आणि समोरचं घुबड डोळे मिटून झोपायचा प्रयत्न करताना पाहिलं.

टेक्सासची_काकू

अ‍ॅरिझोनामध्ये 'द वेव्ह' म्हणून लाटांसारखे खडक आहेत. दिवसाला ६४ जणांनाच परवाना, तोही लॉटरीने. आम्ही चार वेळा अर्ज केला. सिडकोचं घर लवकर लागेल.

राजमाचीचा_राजू

काजव्यांवर कोणी बोललं नाही अजून? मे संपता संपता, पावसाच्या तोंडावर, राजमाची-भंडारदरा-पुरुषवाडीकडे जी झुंबड उडते तिला फोटोच जबाबदार आहेत, आणि त्यातही खोटे फोटो.

गोट्या_बाबर

राजू, 'खोटे' शब्दाला हरकत. काजव्याचा फोटो एका क्लिकने येतच नाही. तिपाईवर कॅमेरा ठेवून २०-३० सेकंदांचे साठ-सत्तर फोटो काढायचे आणि घरी येऊन एकावर एक रचायचे. सगळे काजवे खरे, सगळी झाडं खरी.

राजमाचीचा_राजू

सगळे काजवे खरे, पण एका वेळचे नाहीत! अर्ध्या तासातले काजवे तुम्ही एका क्षणात दाखवता. बघणारा मुंबईहून चार तास गाडी हाकून येतो, त्याला वाटतं झाडावर दिवाळीची माळ असणार. येऊन बघतो तर लुकलुक. छान असते हो, अंगावर काटा येतो, एखादा सादडा अख्खा एका लयीत उजळतो-विझतो. पण फोटोइतकं नाही. मग तो आणखी आत शिरतो, 'जास्त कुठे आहेत' शोधायला, हातात टॉर्च. चमकतो तो नर, मादी बहुधा खाली गवतात नाहीतर झुडपात बसून उत्तर देते. टॉर्चच्या उजेडात त्यांना एकमेकांची खूण दिसत नाही, आणि मादीवर पाय पडतो तो वेगळाच. सगळा खेळ दोन-तीन आठवड्यांचा. त्यातले शनिवार-रविवार असे गेले तर पुढच्या वर्षीचे काजवे कुठून येणार?

गोट्या_बाबर

हे मान्य. या वर्षीपासून फोटोखाली 'अर्ध्या तासातले ६४ फोटो एकत्र' असं लिहीन. लाइक्स कमी पडले तर बिल तुला पाठवतो.

अमोल_नवखा

६४ फोटो रचायला लॅपटॉप कोणता लागेल?

व्यवस्थापक

खरेदीच्या सल्ल्यासाठी वेगळा धागा आहे, कृपया तिथे लिहा.

आप्पा_जोशी

वय ७१. माझा काळ रोलचा. एका रोलमध्ये ३६ फोटो, धुवायला आणि छापायला वेगळे पैसे, त्यामुळे बटण दाबण्याआधी माणूस बराच वेळ नुसता बघायचा. 'शेअर करणे' म्हणजे दिवाळीत पाहुणे आले की भिंतीवर चादर लावून स्लाइड्स दाखवणे. पाचव्या स्लाइडला मेहुणे घोरायला लागत.

पण एक सवय मी अजून सोडलेली नाही. ज्याच्या बांधावर, ज्याच्या अंगणात फोटो काढला त्याला छापून नेऊन देतो. ६×८ चा, फार खर्च नाही. वेल्ह्याकडच्या एका घरात मी ३० वर्षांपूर्वी दिलेला स्वर्गीय नर्तकाचा फोटो देवघराशेजारी आहे. पांढऱ्या शेपटीचा नर, त्यांच्याच विहिरीवरच्या करंजाच्या झाडावर. त्या घरातली तिसरी पिढी आता कोणी विहिरीपाशी कॅमेरा घेऊन दिसला की विचारते, "काय पाहिजे? आमचा पक्षी आहे तो, लांबून बघा."

रानवाटाताई, तुम्ही धाक कोणाचा विचारलंत म्हणून लिहिलं.

सुगरण_पक्षी

आप्पा, _/\_

निवांत_पाटील

आप्पांपुढे नमतं घेतो. माझं म्हणणं थोडं दुरुस्त करतो: जागा सांगायला हरकत नाही, पण ज्याची आहे त्याला आधी सांगावी. आपण इंटरनेटला आधी सांगतो, गावाला कधीच नाही.

(आणि ग्रुपवाल्या नामवंतांबद्दलचं मत कायम आहे!)

रानवाटा

नऊ महिन्यांनी धागा वर काढतेय, क्षमस्व.

आप्पांचं वाचून मी त्याच आठवड्यात कंदिलाचा फोटो छापून घेतला. दिवाळीच्या आधी धनगर आजोबांकडे नेला. त्यांनी चष्मा नसल्यामुळे हात लांब करून बघितला आणि म्हणाले, "ह्ये एवढं मोठं असतंय व्हय?" त्यांनी ते फूल वाकून कधी पाहिलंच नव्हतं, त्यांची ओळख खालच्या कंदाशी. मोडल्याचं सांगितलं तर हसले. "वर मोडलं म्हंजी काय झालं? खरचुडी खाली हाय की."

परवा पहिल्या दोन पावसांनंतर गेले. ओळखीचा दगड, त्याच्या उजव्या अंगाला वीतभर. नवीन गवत अजून बोटभरच आहे, आणि त्यात दोन पानांची एक जोडी, पोपटी, कडा जराशा तांबूस. तोच वेल. आजोबांचा नातू बरोबर होता, त्याने भोवती कारवीच्या तीन वाळक्या काटक्या रोवल्या, शेरडं तोंड घालू नयेत म्हणून.

विचारणाऱ्यांना मी आता महिना आणि तालुका सांगते. आणि वर सांगते की गावात जाऊन चहा प्या, बोला, त्यांना वाटलं तर दाखवतील. ४० मधले ३८ इथेच गळतात.

पानांचा फोटो काढलाय. एकच.

बापू_सातारकर

वा ताई. नातवाला माझ्याकडून शाबासकी.

झंप्या

फोटो दिसत नाहीये.

रानवाटा

झंप्या, या वेळी टाकलाच नाहीये.

अमोल_नवखा

दुर्बीण घेतली, ८×४२. कॅमेऱ्याचं बजेट ५० पर्यंत वाढवलंय, कोणी सांगेल का?